माझा ब्राउझर कुणी काढला

कुठला ब्राउझर चांगला यावर लोक तावातावानं भांडतात. हापूस देवगडचा खरा की रत्नागिरीचा, यावरून आमच्या चाळीच्या गॅलरीत जेवढा आवाज चढतो त्याहून मोठा आवाज मी ऑफिसच्या पँट्रीत ब्राउझरवरून चढलेला ऐकलाय. एक म्हणतो निळा जलद आहे. दुसरा म्हणतो निळा मेमरी खातो, नारिंगी घ्या. तिसऱ्याचं तिसरंच काहीतरी असतं, जे आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नसतं. मला यातलं काही नको होतं. पान दोन सेकंद उशिरा उघडलं म्हणून माझं काय अडतंय? मला फक्त दोन हवे होते. एक ऑफिसचा आणि एक माझा. एवढी साधी गोष्टही मला मिळू दिली नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.

मी परळला एका विमा कंपनीत क्लेम तपासते. घरापासून चालत जायचं अंतर. घरून काम करायचे दिवस आले तेव्हा कंपनीनं लॅपटॉप दिला आणि ते दिवस संपल्यावरही तो माझ्या खांद्याला लटकलेलाच राहिला. त्यात निळा ब्राउझर आधीपासून होता. नारिंगी मी स्वतः टाकला, आणि तेव्हा कुणाची हरकत नव्हती. निळ्यात क्लेम, रजा, पगाराची पावती. नारिंगीत माझं. हा नियम मी इतका कडक पाळायचे की घरचं विजेचं बिल भरायचं झालं तरी निळा बंद करून नारिंगी उघडायचे. दोन्ही ब्राउझर रोज निवडणुकीतल्या उमेदवारांसारखे हात जोडून समोर यायचे, मलाच मुख्य करा, मलाच मुख्य करा. मी दोघांनाही ‘नंतर’ म्हणायचे.

आता कुणी शहाणा विचारेल, खासगी गोष्ट कंपनीच्या मशिनवर ठेवलीसच कशाला? ऑफिसात मला हे बऱ्याच जणांनी विचारलं. विचारणाऱ्या प्रत्येकाच्या घरी स्वतंत्र बेडरूम होती.

आमच्या घरी एक खोली आहे. तिच्यात आई, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. अशा खोलीत फोन एका माणसाचा नसतो. वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. आई माझ्या फोनवर कीर्तनासारखे तास तास रेसिप्या ऐकते, पोरं त्यावर गाड्या पळवतात. मी एकदा फोनला लॉक घातलं, तर वहिनी म्हणाली, “आम्ही काय चोर आहोत काय?” आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लॉक काढलं तेव्हा कुठे चहा मिळाला. कपाट सगळ्यांचं, बाथरूम मजल्याची, आणि पोटमाळ्यावर भावाचं सामान.

पण लॅपटॉपला कुणी हात लावत नसे. वडील गिरणीत फिटर होते. त्यांच्या पान्यांची पिशवी खुंटीला असायची आणि घरात कायदा होता, कंपनीच्या वस्तूला घरच्यांनी शिवायचं नाही. पाना हरवला तर नोकरी जाईल, अशी धास्ती. गिरणी बंद पडली, वडील गेले, पण कायदा तसाच राहिला. पोरं बॉल उचलायला गेली तरी लॅपटॉपला वळसा घालून जायची. आई तो पुसायचीसुद्धा नाही. म्हणजे बघा, सहा माणसांच्या त्या खोलीत माझी स्वतःची म्हणावी अशी एकच जागा होती, आणि ती कंपनीच्या मालकीची होती. एका खोलीत वाढलेलं माणूसच असली चूक करू शकतं. ज्यांच्या टेबलाला कुलपाचा ड्रॉवर असतो त्यांना ती सुचणारही नाही.

तर त्या नारिंगी ब्राउझरमध्ये मी दुसरं लग्न जमवत होते. स्पष्टच सांगते, लाजायचं काय त्यात? पहिलं मोडून बरीच वर्षं झाली होती. आमच्या बौद्ध समाजातल्या पुनर्विवाहांची एक साइट आहे, तिच्यावर मी नाव घातलं होतं. शीवला राहणाऱ्या एका शिक्षकांशी बोलणं सुरू झालं. त्यांची बायको आजारपणात गेलेली. शाळेत चित्रकला शिकवतात. इतर पुरुष पहिल्याच निरोपात पगार आणि स्वयंपाक विचारायचे. यांनी विचारलं, तुम्हाला दुपारी झोपायला आवडतं का? मी म्हटलं, फार आवडतं, पण आमच्या घरी दुपारी झोपायला जागा नसते. त्यांनी लिहिलं, आमच्याकडे जागा आहे, पण एकट्याला झोप लागत नाही. आता यावर माणसानं काय करावं? जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून नारिंगी ब्राउझर उघडायचे आणि डबा निवून जायचा.

भेटायचं ठरलं होतं, एका रविवारी दादरला. त्यांना बघून, बोलून मन भरलं की घरी यायचं आणि आईला सांगायचं. सगळ्यात आधी आईला. भावाला नाही, मैत्रिणीला नाही. पहिल्या वेळी आईनं साखरपुड्याआधीच सगळ्या मजल्याला पेढे वाटले होते, आणि लग्न मोडल्यावर कितीतरी दिवस ती नळावर सगळ्यांच्या शेवटी जायची, म्हणजे कुणी काही विचारायला नको. ते मी पाहिलंय. त्यामुळे या वेळी तिला कच्ची बातमी द्यायची नव्हती, आणि दुसऱ्या कुणाकडून तर नाहीच नाही. तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं, पहिली तिला. माझं एवढंच मागणं होतं.

आणि मग ऑफिसात मेल आला. सुरक्षेच्या कारणास्तव यापुढे सर्व लॅपटॉपवर एकच मान्यताप्राप्त ब्राउझर राहील. बाकीचे आपोआप काढले जातील. आपली सोय व्हावी म्हणून आपली माहिती नव्या जागी हलवण्यात येईल. शेवटी ठळक अक्षरांत, आपल्याला काहीही करायची गरज नाही.

आपल्याला काहीही करायची गरज नाही! या वाक्याचा मला किती राग आहे ते सांगून समजणार नाही. आमच्या चाळीचा पुनर्विकास करायला आलेला बिल्डरचा माणूसही हेच म्हणाला होता. ज्यांना तुम्हाला न विचारता काही करायचं असतं, ते आधी तुमचे हात रिकामे करतात. मी मेल वाचला. नारिंगी जाणार म्हणून हळहळले. ‘माहिती हलवण्यात येईल’ याचा अर्थ मला वाटला, ऑफिसची माहिती. माझी माहिती माझी परवानगी न घेता उचलून ऑफिसच्या पिशवीत भरतील, हे मला सुचलं नाही. कसं सुचावं? घरातली पोरं बॉलसाठीसुद्धा त्या मशिनला हात लावत नव्हती.

त्याच आठवड्यात महिन्याची मीटिंग होती. खोलीत आणि पडद्यावर मिळून वीसेक माणसं. माझी पाळी आली, मी लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला, निळा ब्राउझर उघडला, आणि नवीन पान उघडायला वरच्या अधिकच्या खुणेवर टिचकी मारली. नवीन पानावर तुम्ही नेहमी बघता त्या साइट्सचे चौकोन येतात. माझ्या नियमाप्रमाणे तिथं क्लेम, रजा आणि पगार असायला हवा होता. पहिला चौकोन होता, बौद्ध पुनर्विवाह. त्याच्या शेजारी, माझे संदेश. खाली घटस्फोटाच्या कागदपत्रांबद्दल मी कधीतरी वाचलेलं पान. भिंतभर पडद्यावर, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत.

मी ते पान बंद केलं. किती वेळ गेला असेल? वाचायला पुरेल एवढा. साहेब म्हणाले, “नेक्स्ट स्लाइड, प्लीज.” मी पुढची स्लाइड दाखवली आणि थकलेल्या क्लेमवर बोलले. माझा आवाज कापला नाही, याचा मला अभिमान आहे.

मीटिंग संपल्यावर माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण माझ्यामागे वॉशरूममध्ये आली. ती गिरगावची. खोताच्या वाडीजवळ लहानाची मोठी झालेली, बोलायला गोड, मनानं वाईट नाही. आम्ही वर्षानुवर्षं एकत्र डबा खातो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “अगं, तू वाटत नाहीस हं!”

“काय वाटत नाही?”

“म्हणजे... तुमच्यातली. मला वाटायचं तुम्ही कोकणातले मराठे. आडनाव बघ ना तुझं.”

माझं आडनाव आमच्या गावावरून पडलंय, शेवटी ‘कर’. तेवढ्यावर तिनं माझी सगळी कुंडली मांडून ठेवली होती. मी काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आमच्या घरात भिंतीवर दोन फोटो आहेत, ते पाहिल्यावर विचारायचं काही उरत नाही, पण ऑफिसातलं कुणी घरी आलंच नाही. माझ्या आजोबांच्या काळी गिरणीत आमच्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे मागांवर, घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमचं उष्टं बाकीच्यांना चालत नसे. आता तसं कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, वाटत नाहीस. आणि हे कौतुक म्हणून म्हणतात!

“आमच्याकडे असलं काही मानत नाहीत गं,” ती पुढे म्हणाली. “आणि दुसऱ्या लग्नाचं ऐकून तर मला इतका आनंद झाला! कोण आहे तो? सांग ना.”

मी म्हटलं, “हे बघ, मी तुला काही सांगितलेलं नाही. तू पडद्यावर वाचलंस. माझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला मी स्वतः सांगणार आहे. तिच्याशी बोललीस तर याद राख.”

“छे गं, मी कशाला बोलते?” ती म्हणाली.

तिथून मी तडक आयटीच्या टेबलावर गेले. तिथला माणूस हेडफोन काढून म्हणाला, “मॅडम, हे डीफॉल्ट सेटिंग आहे. सगळ्यांचंच इम्पोर्ट झालंय.”

“मला विचारलंत?”

“मेल पाठवला होता ना.”

“मेल म्हणजे सांगणं झालं. मी ‘विचारलंत का’ म्हणतेय.”

त्यानं खांदे उडवले. “हिस्टरी डिलीट करून देतो, दोन मिनिटांचं काम.”

“आणि त्या खोलीतल्या माणसांनी जे वाचलं, ते दोन मिनिटांत डिलीट होतं का?”

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, असलं पर्सनल काही असेल तर इन्कॉग्निटोमध्ये बघायचं. कुठं नोंदच राहत नाही.”

माझं डोकंच सणकलं. “मी चोरासारखी काळी खिडकी उघडून नवरा शोधू? काय गुन्हा करतेय मी?”

आजूबाजूचे लोक बघायला लागले. बघू देत. आधीच सगळं बघून झालं होतं. त्यानं मला लेखी तक्रार करायला सांगितली, मी केली. उत्तर आलं की कंपनीच्या उपकरणावर खासगी वापर मर्यादित ठेवावा, म्हणजे गोपनीयतेचा प्रश्न उद्भवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. रात्री आठ वाजता क्लेमसाठी माझ्या घरी फोन येतो, जेवता जेवता लॅपटॉप मांडीवर घ्यावा लागतो, तेव्हा माझ्या घराचा खासगी वापर कुणी मर्यादित ठेवला? ऑफिस आमच्या एका खोलीत पाय पसरून बसलेलं चालतं. मी ऑफिसच्या लॅपटॉपवर पंजाएवढी जागा घेतली तर नियम दाखवतात.

तरी एक खरं. चिडचिड कितीही केली, तरी शनिवार उजाडेपर्यंत मी मनाला समजावलं होतं. ऑफिसला कळलं तर कळलं. आई अजून पहिलीच आहे. घरातलं पहिलं माणूस तीच असणार, आणि उद्या दादरहून आल्यावर मी तिला सांगणार.

एप्रिल महिना होता, लालबागला मसाले कुटायचे दिवस. माझी ती मैत्रीण दर वर्षी घरी न येता परस्पर तिथंच आईला गाठते आणि तिच्याबरोबर मिरची गल्लीत जाते. तिला मिरचीतलं कळत नाही. आई तिला बेडगी किती, संकेश्वरी किती ते सांगते, धणे हातात चोळून बघते, आणि डंकावर मसाला कुटून होईपर्यंत दोघी नाकाला पदर, ओढणी लावून तिथं उभ्या राहतात. त्या शनिवारी जायचं आधीच ठरलं होतं. मी सकाळी मैत्रिणीला पुन्हा फोन केला. “लक्षात आहे ना?” ती म्हणाली, “अगं, किती वेळा सांगशील?”

आई दुपारी परत आली. दोन्ही हातांत मसाल्याच्या पिशव्या, डोळे लाल. मिरचीनं होतात तसे. भाऊ-वहिनी पोरांना घेऊन कॉटन ग्रीनला वहिनीच्या माहेरी गेले होते. घरात आम्ही दोघीच. आईनं मसाला डब्यात भरला, हात धुतले, पुन्हा धुतले आणि खाली बसली.

“तुझी ती गिरगाववाली,” ती म्हणाली, “तिनं माका मिठी मारली. डंकावर, सगळ्या बायकांसमोर. म्हणाली, अभिनंदन काकू, लेकीचं जमतंय.”

इतका राग मला मीटिंगमध्ये आला नव्हता, आयटीच्या टेबलावर आला नव्हता. वीस परक्यांनी वाचलं ते मी गिळलं होतं. पण मिरची कुटायच्या रांगेत, अनोळखी बायकांच्या देखत, दुसऱ्या कुणाच्या तोंडून माझ्या आईला माझं कळावं? जे मी टाळायला एवढे महिने जपून बोलले, जपून लिहिलं, दोन-दोन ब्राउझर सांभाळले, ते नेमकं तसंच झालं. आणि करणारीनं आनंदानं केलं होतं. तिला वाटलं असेल, चांगल्या बातमीला कसली परवानगी. त्या मेल पाठवणाऱ्यांनाही तसंच वाटलं असेल.

“आई, मी तुला उद्या...” मी म्हटलं. मी रडायला लागले. दुःखानं नाही, चिडून. मुठी आवळून.

आता आई नळावर सगळ्यांच्या शेवटी जाणार, असंच माझ्या डोक्यात आलं. ती म्हणेल, परक्या बाईला सांगितलंस आणि मला नाही. म्हणायचा तिला हक्क होता.

“मग तू काय म्हणालीस तिला?” मी कसंबसं विचारलं.

“काय म्हणणार? सगळ्या बायका बघत होत्या.” आईनं पदरानं नाक पुसलं. “म्हटलं, व्हय तर. माका ठाऊक हा. माझ्या लेकीनं सगळ्यात आधी माकाच सांगितलान.”

मी तोंड झाकून घेतलं. ती जवळ सरकली आणि माझे हात तोंडावरून काढले. तिच्या बोटांना अजून मिरची होती, माझ्या गालांची आग झाली.

“खोटी पाडू नको माका बाय,” ती म्हणाली. “सांग आता. कोण हा तो?”